मंत्रीमहोदय, खर्ज कुठं गेला?

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

परवा मिरजेत सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात, अर्धवट घासलेल्या भोपळ्यांच्या मधे बसून, मी एका चाचांना इथल्या सतार-तंबोरा कारागिरांवरचा आमचा माहितीपट दाखवला. फोनवर. पासवर्ड टाकून उघडायची लिंक होती, ती दोनदा अडकली, मग चालली. चाचा स्वतः त्यात आहेत. ६८ मिनिटांपैकी वीसेक मिनिटं तरी पडद्यावर त्यांचेच हात दिसतात. पहिल्यांदा तंबोरा छेडला गेला तसे ते थबकले. फोन कानाला लावला, परत समोर धरला आणि म्हणाले, "खर्ज कुठं गेला, ताई? चौथी तार नुसती किणकिणतीय. ह्यो आमचा तंबोरा न्हवं."

खर्ज, म्हणजे चौथ्या तारेचा सगळ्यांत खालचा सूर, फोनच्या स्पीकरने खाल्ला होता. हाच माहितीपट युरोपातल्या एका लहानशा शहरात दोनेकशे माणसांनी अंधारात बसून ऐकला, तेव्हा खर्ज खुर्चीच्या पाठीतून जाणवत होता. ज्या माणसाने त्या तंबोऱ्याची जवारी काढली, म्हणजे तारांखालची घोडी घासून त्याचा आवाज घुमता केला, त्याच्या वाट्याला मात्र तळहाताएवढा पडदा. माझ्या पत्राचा विषय एवढाच आहे.

आम्ही तिघं. मी, कॅमेरा सांभाळणारा एक मित्र आणि आमची ध्वनिमुद्रक. चार वर्षं मिरजेला जाऊन-येऊन हे काम केलं. मिरजेत सतारी का बनू लागल्या ते आपल्याला ठाऊक असेल. शिकलगारांच्या, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांच्या घरातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात या वाद्यांकडे वळले आणि तलवारींचं काम संपत आलं तेव्हा गल्लीला दुसरा धंदा मिळाला. पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत येऊन राहिले, तिथल्या कारागिरांच्या कानाला त्यांच्या गळ्याची सवय लागली. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, लाकूड तुणीचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. आम्ही ते टिपलं आहे.

आता हा माहितीपट गल्लीत आधी का दाखवला नाही, असं आपण विचाराल. गल्लीनेही विचारलं. उत्तर द्यायला मला लाज वाटते. महोत्सवांच्या जगात 'प्रीमियर' नावाचं एक सोवळं असतं. मोठ्या महोत्सवांना जगातला पहिला खेळ हवा असतो, ते जमलं नाही तर निदान त्यांच्या खंडातला, त्यांच्या देशातला पहिला. त्याआधी कुठे जाहीर खेळ केला की सोवळं मोडलं. म्हणून चाचांना, त्यांच्या मुलांना, भोपळे आणून देणाऱ्या शेतकऱ्याला मी दीड वर्ष "अजून थोडं थांबा" सांगत राहिले. हा दोष सरकारचा नाही, माझाच आहे, आणि तो आधी कबूल केलेला बरा.

त्या दीड वर्षाचा हिशेबही सांगते. ३८ महोत्सवांना अर्ज केले, ७ ठिकाणी निवड झाली. बहुतेक ठिकाणी अर्जाची फी डॉलरमध्ये, आणि माहितीपट घेतला नाही तरी ती परत मिळत नाही. नकाराची पत्रं सगळी एका साच्यातली: यंदा प्रवेशिकांची संख्या विक्रमी होती. मग डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात लावायची डिजिटल प्रत, तयार करा, सबटायटल करा. 'जवारी'ला इंग्रजीत काय म्हणायचं यावर आम्ही तिघं आठवडाभर भांडलो आणि शेवटी 'जवारी'च ठेवलं. पहिल्याच परदेशी महोत्सवात तालमीच्या वेळी तिथल्या तंत्रज्ञाने तंबोऱ्याचा आवाज ही मशीनची घरघर समजून खालची पट्टी जवळजवळ बंद करून टाकली. भला माणूस होता, आम्हाला मदतच करत होता. तेव्हापासून आमच्या हार्ड डिस्कच्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते: ही घरघर नाही, हा तंबोरा आहे.

संगीतावरचा माहितीपट असला की आणखी एक भानगड असते, हक्कांची. ती जरा सविस्तर सांगते, कारण इथे आपलं खातं खरोखर उपयोगी पडू शकतं. आम्हाला १९३० च्या दशकातल्या एका तबकडीतलं सव्वा मिनिट हवं होतं. आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे भारतात ती तबकडी केव्हाच मोकळी झाली. युरोपीय संघात ही मुदत ७० वर्षांची. अमेरिकेत मात्र १९२३ ते १९४६ या काळातल्या मुद्रणांना १०० वर्षांचं संरक्षण आहे. म्हणजे मिरजेच्या मातीतला तोच सूर मिरजेत फुकट, बार्सिलोनात फुकट आणि न्यूयॉर्कला परवानगीचा. शिवाय मुद्रणाचा हक्क वेगळा, चीज कुणाची रचना असेल तर तिचा वेगळा. महोत्सव म्हणतो, सगळे हक्क तुमच्याकडे असल्याचं वकिलाचं पत्र जोडा. हा विषय जाणणारे वकील मुंबईत आहेत, पण त्यांची फी आमच्या अख्ख्या ध्वनिमिश्रणाच्या खर्चाएवढी. त्यातून एक विनोदी प्रकार झाला. उरुसाच्या दृश्यात मागून एक बँड जातो, सिनेमातलं गाणं वाजवत. आठ सेकंद. त्या आठ सेकंदांसाठी सांगितलेला आकडा ऐकून आम्ही गाणं काढलं आणि पावसाचा आवाज घातला. आता पडद्यावर बँडवाले गाल फुगवून वाजवतात आणि ऐकू येतो पाऊस. प्रेक्षकांना वाटतं, काय काव्यात्म कल्पना आहे!

एका महोत्सवाने चाचांनाही बोलावलं होतं. खेळानंतर मंचावर बसून जवारी कशी काढतात ते दाखवायचं, घोडीवर कानस कशी फिरते, तारेखाली दोरा सरकवला की आवाज कसा उघडतो. माझं विमानभाडं महोत्सव देणार होता, चाचांचं नाही. कारण निमंत्रण 'दिग्दर्शका'ला असतं, कारागिराला नसतं. तंबोरा नेऊन परत आणायचा तर एटीए कार्नेट नावाचं कागदपत्र काढा, त्यासाठी हमी भरा. ते कसंबसं जमवलं. पण व्हिसा नाकारला गेला. कारण लिहिलं होतं की परत येण्याचा हेतू सिद्ध होत नाही. चाचा हसले. म्हणाले, "तिथं राहून काय करू? तिथं भोपळा कुठनं आणू?" व्हिसा देणं आपल्या हातात नाही, हे मला समजतं. पण राज्य शासनाच्या सांस्कृतिक खात्याचं एक पत्र हातात असतं, 'हे आमच्या राज्याचे मानांकनप्राप्त कारागीर आहेत' एवढंच लिहिलेलं, तर त्या काचेपलीकडच्या माणसाने कागद दुसऱ्यांदा वाचला असता असं मला वाटतं.

तर आम्ही हिंडून परत आलो. सोवळं संपलं होतं. ठरवलं, आता घरी दाखवायचं, मोठ्या पडद्यावर, खर्ज ऐकू येईल अशा स्पीकरवर. आमच्या भागातल्या एका नाट्यगृहात गेले. कुठलं ते लिहीत नाही. तिथले गृहस्थ वाईट नव्हते, त्यांच्यासमोरचा छापील तक्ता वाईट होता. त्यात नाटकाचा दर होता, वाद्यवृंदाचा होता, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा होता, वधूवर मेळाव्याचासुद्धा होता. माहितीपटाचा नव्हता. म्हणून आम्ही 'इतर' मध्ये, आणि 'इतर' चा दर सगळ्यांत चढा. मग त्यांनी संहिता मागितली, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाची मंजुरी असलेली. मी म्हटलं, नाटक नाही हो, सिनेमा आहे. मग म्हणाले, सेन्सॉरचा दाखला आणा. महोत्सवात दाखवायला केंद्राकडून सूट मिळते, ती महोत्सवापुरतीच. गावात तिकीट न लावता दाखवायचं म्हटलं तरी ती सूट चालत नाही. दाखला काढू, त्याला ना नाही, प्रक्रिया सुरूही केली आहे. पण दाखला आला तरी दराचा रकाना कुठून आणणार? मी विचारलं, तर ते म्हणाले, "वरनं बदलून आलं पाहिजे." आपण वर आहात, म्हणून आपल्याला लिहिते.

लोक माहितीपट बघायला येत नाहीत, असं कुणी आपल्याला सांगेल. पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या दिवसांत 'षड्ज' नावाचा उपक्रम होतो, त्यात गायक-वादकांवरचे माहितीपट दाखवतात. एकदा जाऊन बघावं आपण. काठी टेकत आलेले आजोबा आणि वही घेऊन आलेल्या गाण्याच्या क्लासच्या मुली शेजारी शेजारी बसतात, आणि भीमसेनजींवर गुलजारांनी फिल्म्स डिव्हिजन या केंद्राच्या माहितीपट विभागासाठी केलेला माहितीपट पाठ असल्यासारखा बघतात. एके काळी तर या देशात प्रत्येक चित्रपटगृहाला मुख्य खेळाआधी माहितीपट दाखवावाच लागे. लोक त्या वेळात शेंगदाणे घ्यायला बाहेर जात, हेही खरं! पण पडदा होता. फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्ये सुरू झालं, २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं. मुंबईचा मिफ हा माहितीपट-लघुपटांचा महोत्सव १९९० पासून आहे, चांगला आहे, पण केंद्राचा आहे, दोन वर्षांतून एकदा होतो आणि मुंबईत होतो. मिरजेच्या माणसाला त्यासाठी रात्रीची गाडी पकडावी लागते.

केरळने हे वेगळ्या रीतीने केलं. तिथे राज्याची चलच्चित्र अकादमी १९९८ पासून आहे. २००८ पासून ती माहितीपट आणि लघुपटांचा स्वतंत्र महोत्सव तिरुअनंतपुरमला भरवते, आणि सरकारी मालकीची कैरळी, श्री, निळा ही चित्रपटगृहं त्यासाठी हाताशी असतात. आमचा माहितीपट तिथे लागला नाही, त्यामुळे ही स्तुती निःस्वार्थ समजावी. आपल्या शासनाने गेल्या काही वर्षांत निवडक मराठी चित्रपट कान्सच्या बाजारात नेले, ते उत्तम केलं. मी तशा तिकिटाची मागणी करत नाही. परदेशी जाण्याचा खर्च आम्ही कर्ज काढून, लग्नांचे व्हिडिओ करून भागवला, पुढेही भागवू.

मला हवंय ते इथल्या इथे आहे. महाराष्ट्रात गावोगावी शासनाची, नगरपालिका-महापालिकांची नाट्यगृहं आहेत. पालिकांची नाट्यगृहं थेट आपल्या खात्याखाली येत नाहीत, पण आपलं परिपत्रक गेलं तर तक्ता बदलेल. त्या तक्त्यात 'माहितीपट' असा एक रकाना घालावा, आणि त्याचा दर शाळेच्या स्नेहसंमेलनाएवढा असावा. महिन्यातून एक मोकळी सकाळ चालेल, नाटकवाल्यांच्या तारखा आम्हाला नकोत, त्यांचे आधीच हाल आहेत. संगीताच्या हक्कांसाठी खात्याने एक जाणकार वकील नेमावा, जो आमच्यासारख्यांना कागद तपासून एक पत्र देईल. आणि कारागिराला, वादकाला, लोककलावंताला निमंत्रण आलं तर ते वरचं पत्र. या तिन्हींत पैसा फारसा नाही, सह्या आहेत.

दाखला मिळाला की मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसाच्या दिवसांत खेळ करायचा विचार आहे. खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथे संगीतसभा होते, रात्र रात्र माणसं बसतात. सभेच्या आदल्या संध्याकाळी नाट्यगृह मिळालं तर उत्तम, नाहीतर गल्लीतच पांढरं कापड बांधू. प्रोजेक्टर कोल्हापूरहून येईल. स्पीकर आमची ध्वनिमुद्रक स्वतः निवडणार आहे, त्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही. आपण येणार असाल तर आधी कळवावं. मान म्हणून पहिल्या रांगेत बसवतील, तिथे बसू नका. मधे या, सहाव्या-सातव्या रांगेत, चाचांच्या शेजारी. खर्ज तिथे बरोबर लागतो.

कळावे,
आपली,
मिरजेची एक माहितीपटकार