क्रांतिसिंहांच्या जयंतीला हौसाताईंचं पण नाव घ्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी विट्याची, तुमचा पेपर आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळेपासून येतो, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय. 3 ऑगस्टला क्रांतिसिंह नाना पाटलांची जयंती झाली. माझी मुलगी नववीला आहे, तिनं भाषणात नाव दिलेलं आणि चार दिवस बसून स्वतः लिहून काढलं, त्यात शेवटचा एक परिच्छेद क्रांतिसिंहांच्या मुलीवर म्हणजे हौसाताईंवर होता. शाळेत वाचून बघितलं तर विषय नाना पाटील आहे, मुलीचं कशाला मध्ये आणलंस, असं म्हणून तेवढाच भाग काढायला लावला. ती घरी येऊन रडली नाही पण जेवली पण नाही. शाळेवर माझा राग नाही, त्यांना वेळेचं बघायला लागतं, पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना म्हणून हे लिहितेय.

हौसाताई 23 सप्टेंबर 2021 ला गेल्या, वय 95. आमच्या विट्यातच राहायच्या. आता आताची गोष्ट आहे ही, आणि तरी आमच्या गल्लीतल्या पोरांना विचारलं तर नाव सांगता येत नाही.

नाना पाटलांचं सगळ्यांना पाठ आहे, म्हणजे येडेमच्छिंद्रचे, तलाठ्याची नोकरी होती ती 1930 ला सोडली, 1943 ते 46 सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार म्हणजे इंग्रजांना न जुमानणारं लोकांचं सरकार चालवलं (तेव्हा आत्ताच्या सांगली जिल्ह्यातला वाळवा, खानापूरचा भाग साताऱ्यातच होता), दीडशेच्या आसपास गावांत गावकऱ्यांची न्यायदान मंडळं, कमी खर्चातले गांधी विवाह, दारूबंदी, सावकारांना वचक, पुढं 1957 ला साताऱ्यातून खासदार. हे सगळं खरंच आहे आणि अभिमानाचं आहे. पण नाना भूमिगत असताना घरात मागं कोण होतं? हौसाताई तीन वर्षांच्या असताना आई गेली. आजीनं सांभाळलं. इंग्रजांनी घर जप्त केलं, जमीन जप्त केली, गावातली माणसं बोलायला घाबरायची कारण बोललं की पोलीस दारात. मग कुणीतरी बैलगाडी दिली तर गूळ, शेंगा असला माल भरून ताकारीपर्यंत गाडी हाकायची आणि त्यावर पोट भरायचं. नानांच्या भाषणाला हजारो माणसं जमायची म्हणतात, त्याच माणसाची लेक भाड्याची गाडी हाकत होती. ती सगळी वर्षं आपल्या भाषणांत एका ओळीत संपतात, "घरादाराची पर्वा केली नाही", बस.

आणि त्या नुसतं सोसत बसल्या नाहीत हे जास्त सांगायला पाहिजे. तुफान सेनेच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाच्या, लोकांबरोबर त्या स्वतः कामाला होत्या, डाकबंगले जाळायच्या कामात होत्या, ते जाळायचे कारण साहेब लोक दौऱ्यावर आले की तिथं मुक्काम करायचे, मुक्कामाची सोय गेली की अधिकारी त्या भागात यायचा कमी. भवानीनगरच्या पोलीस चौकीची गोष्ट तर आमच्या सासऱ्यांनी मला लग्नानंतर सांगितलेली. चौकीसमोर एक माणूस आपल्या बायकोला मारत सुटला, शिव्या देतोय, दगड उचललाय, आता डोक्यात घालणार, बाई ओरडतेय. पोलीस सगळे बाहेर पळत आले सोडवायला आणि तेवढ्यात सेनेच्या दुसऱ्या पोरांनी आत शिरून बंदुका आणि काडतुसं उचलली. ती बाई हौसाताई. नवरा खोटा होता, मार मात्र खराच खाल्ला, कारण पोलिसाला जराही संशय आला असता तर सगळेच सापडले असते. पाहुण्यांकडं जाताना मी रेल्वेनं भवानीनगर स्टेशनवरून कितीदा गेलेय आणि तिथं या गोष्टीचा एक बोर्ड पण मला कधी दिसला नाही.

गोव्याचं तर अजून मोठं आहे. 1944 ला तिथून हत्यारं आणताना बाळ जोशी नावाचे सहकारी पोर्तुगीजांच्या हातात सापडले, फाशी होईल अशी भीती होती. तुफान सेनेचे पुढारी जी. डी. बापू लाड, त्यांचं म्हणणं पडलं की त्यांना सोडवल्याशिवाय परत जायचं नाही. मग हौसाताई तुरुंगात बहीण म्हणून भेटायला गेल्या आणि सुटायचा प्लॅन लिहिलेली चिठ्ठी अंबाड्यात लपवून नेली. परत येताना पंचाईत अशी की पोलिसांनी चेहरा बघितलेला, रेल्वेनं येणं शक्य नाही, म्हणून पायवाट धरली तर मध्ये मांडवी नदी, होडी नाही, मध्यरात्र. एक मोठी पेटी मिळाली तिच्यावर पालथं झोपून त्या पलीकडं आल्या, बरोबरचे लोक पोहत होते आणि कोरडे कपडे डोक्याला बांधलेले. मी दोनदा गोव्याला गेलेय, मांडवीच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा खाली पाणी बघितलं आणि अंगावर काटा आला. आपल्या गावाकडच्या विहिरीच्या पाण्यात शिकलेली पोहायची सवय, ती त्या पात्रात किती पुरणार? पुढं दोन दिवस जंगलातून चालत, आणि घरी पोचायला पंधरा दिवस.

माझ्या मुलीला शाळेत काढायला लावलेल्या परिच्छेदात हेच लिहिलेलं, पेटीचं.

शेवटपर्यंत त्या गप्प बसल्या नाहीत. 2018 ला शेतकरी दिल्लीला मोर्चा घेऊन गेले तेव्हा नव्वदी ओलांडलेली, जाणं होत नव्हतं, तरी त्यांनी व्हिडिओवर निरोप दिला की पिकाला भाव द्या. आमच्याकडं द्राक्ष, डाळिंब करणाऱ्यांच्या घरात तो मोबाईलवर फिरत होता, माझ्या दिरानं मला दाखवलेला.

"क्रांतिसिंहांची कन्या" एवढीच ओळख देऊन आपण थांबतो तिथं माझं मन दुखतं. कासेगावच्या इंदुताई पाटणकर, त्या पण स्वातंत्र्यसैनिक, त्यांचं पण तसंच. अशा किती बायका असतील ज्यांनी भाकऱ्या बांधून दिल्या, निरोप पोचवले, मार खाल्ला, ज्यांचं कुठं नावच नाही.

तुमच्याकडून एवढंच पाहिजे साहेब. कुंडल, वाळवा, कडेगाव, खानापूर भागात त्या काळाचं बघितलेली, नव्वदीच्या पुढची म्हातारी माणसं अजून एखाद-दुसऱ्या घरात आहेत. तुमचे बातमीदार गावोगावी आहेत, त्यांना पाठवून ह्या माणसांचं बोलणं मोबाईलवर का होईना रेकॉर्ड करून घ्या, खास करून बायकांचं, आणि ते दर आठवड्याला थोडं थोडं छापा. 6 डिसेंबरला क्रांतिसिंहांचा स्मृतिदिन आहे, तोवर चालू झालं तर पोरांना भाषणाला उपयोगी पडेल. आमच्या गल्लीत एक आजी आहेत, कान गेलेत पण आठवण चांगली आहे, त्यांच्याकडं मी स्वतः घेऊन जाते, दुपारी तीननंतर कधीही या.

आपली,
एक वाचक भगिनी, विटा