श्लेर्नला निघण्याआधी वाच

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू रागाने ठेवलास की रेंज गेली, ते मला कळलं नाही. रेंज गेली असंच धरून चालते. पण "मी एकटीच उतरणार, आई, ठरलंय माझं" हे तुझं वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. गुडघ्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

आधी हे सांगते, तू जातेस याचा मला फार आनंद आहे. एवढी वर्षं मी फळ्यावर आल्प्सची रांग काढून मुलांना दाखवली, आणि आता माझी मुलगी त्यातल्या डोलोमाइट पर्वतात पाठीवर बॅग टाकून जाणार. तिथल्या श्लेर्न डोंगरावर श्लेर्नहाउस म्हणून गिर्यारोहकांचं मुक्कामाचं घर आहे, त्यात झोपायची जागा तू जर्मनमधून फोन करून मिळवलीस, हे मी रेखामावशीला सांगितलं, वरच्या काकूंना सांगितलं, आजीला तर दोनदा. आजी म्हणाली, "इटलीत जर्मन कशाला?" मग तो भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियात होता, हा सगळा इतिहास तिला सांगत बसले. दक्षिण टिरोल म्हणजे काय ते तिला आता पाठ झालंय.

तू पाठवलेला नकाशा बाबांनी मोठा छापून आणलाय. जेवणाच्या टेबलावरून तो उचलू देत नाहीत, आम्ही ताटं कडेला घेऊन जेवतो. सबंध झायझर आल्म त्यात आलंय, सुमारे ५६ चौरस किलोमीटर कुरण, युरोपातलं इतक्या उंचीवरचं सगळ्यात मोठं. तिथे पोचलीस की खालचं हिरवं आणि वरचा श्लेर्नचा पांढरट कडा नीट बघ. खाली ज्वालामुखीचा खडक आहे, त्याची माती पाणी धरून ठेवते, म्हणून एवढं गवत. कडा डोलोमाइट नावाच्या खडकाचा, त्यात पाणी भेगांतून आत निघून जातं. आणि त्या कड्याच्या माथ्यावर पुन्हा लालसर मातीचा थर आहे, म्हणून अडीच हजार मीटरवरसुद्धा गुरं चरतात. उथळ, उबदार समुद्रात तेवीस कोटी वर्षांपूर्वी तयार झालेला खडक तो. आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटींचा. तू उभी राहशील ती जागा कधीकाळी समुद्रात होती, हे वर्गात सांगताना माझ्या अंगावर दर वर्षी काटा यायचा. तू ते पायाखाली अनुभवणार आहेस.

आता उताराचं. श्लेर्नहाउस २४५७ मीटरवर, फ्योल्स गाव ८८० वर. दीड हजार मीटरहून जास्त उतार एका दिवसात. कळसूबाई आपली १६४६ मीटर, म्हणजे तिच्या माथ्यावरून जवळजवळ समुद्रापर्यंत उतरायचं. आपण कळसूबाईवरून पायथ्याच्या बारी गावात उतरलो होतो तो उतार याच्या निम्म्याच्या आसपास, आणि तेव्हा तुझा गुडघा शाबूत होता.

लिहिलंच शेवटी. आता लिहिलंच आहे तर पुढचंही ऐक. चढताना दम लागतो आणि माणूस आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून थांबावंसं वाटत नाही, आणि मांड्या थकल्या की सगळा भार गुडघ्यावर येतो. तू निवडलेली वाट घळीतून जाते. ओंडके आडवे टाकून केलेली आहे, फोटोत फार सुंदर दिसते. पण ओल्या लाकडावर पाय कसा सटकतो ते तुला मी सांगायला नको. ऑगस्टात तिथेही दुपारी ढग चढतात आणि गडगडाटी पाऊस येतो. पठारावर विजेपासून आडोसा नाही आणि खाली घळ ओली, अशा पेचात तू एकटी असू नयेस एवढंच माझं म्हणणं. सकाळी सातला निघ. कुठल्या वाटेने उतरतेस ते श्लेर्नहाउसमधल्या लोकांना सांगून, वहीत लिहून निघ. त्यांच्या तोंडावर जराही शंका दिसली तर आल्या वाटेने परत झाल्टनरच्या झोपडीकडे उतर आणि केबलकारने खाली जा. त्यात कमीपणा नाही. अडचण आली तर ११२. फोन लागला नाही तर शिट्टी, मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. शिट्टी बॅगेत नको, गळ्यात हवी.

झालं, वर्ग घेतला मी तुझा. माफ कर. तू सत्तावीस वर्षांची आहेस आणि माझ्यापेक्षा जास्त डोंगर चढली आहेस, हे मला कळतं. पण बापूमामाही खूप चढला होता. चढताना त्याला कधी काही झालं नाही. त्या दिवशी पायथ्याचे दिवेसुद्धा दिसत होते, असं बरोबरची मुलं सांगायची. याहून जास्त मी लिहीत नाही. आजीला तू एकटी जातेस हे सांगितलेलं नाही, फोनवर तूही बोलू नकोस.

तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगड केला तेव्हा तू चौथीत होतीस. रेलिंगच्या कातळावर उतरताना तुझ्या डाव्या बुटाचा तळ सुटला आणि बाबांनी तो कॅमेऱ्याच्या पट्ट्याने बांधून दिला. मी म्हटलं, बसून उतर. तू बसलीस, पण माझा हात धरायला तयार नाहीस. ओढणीचं टोक तेवढं मुठीत घेतलंस. प्रत्येक टप्प्यावर आधी टाचेने खडक दाबून बघायचीस, हलत नाही ना, आणि मगच वजन टाकायचीस. कुणी शिकवलं नव्हतं तुला ते. मागून एक मोठ्या मुलांचा घोळका आला, घाई करायला लागला, तर तू मान वर करून म्हणालीस, "थांबा, मी बघतेय." सगळे थांबले. ते आठवलं की मला वाटतं, हिला काय सांगायचं उतरायचं कसं. आणि पुढच्याच क्षणाला एमआरआयचा तो रिपोर्ट आठवतो.

तुझ्याबरोबरची ऐनवेळी का येत नाही ते मी विचारणार नाही. दुसरं कोणी मिळालं तर बघ. तिथे मुक्कामाला आलेल्यांत कोणी ना कोणी त्याच वाटेने उतरणारं असेल, रात्री जेवताना विचारून ठेव. तुला एकटीने चालायला आवडतं, तर त्यांच्यापासून वीस पावलं मागे चाल. पण हाकेच्या अंतरावर राहा.

आणि फुलं तोडू नकोस. १९७४ पासून ते संरक्षित निसर्ग उद्यान आहे, एडलवाइस दिसलं तर फोटो पाठव. बाबांना मार्मोट हवाय, तो खारीच्या जातीतला जाड प्राणी, शिट्टीसारखा आवाज काढतानाचा व्हिडिओ जमला तर.

फ्योल्सला उतरलीस की फोन कर. तिथले पाच म्हणजे आमचे साडेआठ, आम्ही जागेच असतो.

तुझी
आई

ता. क. बाबा विचारतायत, काठी एक घेतलीस की दोन? उतारावर दोन लागतात. एकच असेल तर बोल्झानोत दुसरी घे, पैसे मी आजच पाठवते. आणि गुडघ्याचा पट्टा निघताना नाही, आदल्या रात्रीच बॅगेच्या वर काढून ठेव.