आश्रय कोणाला, मज्जाव कोणाला?

महोदय,

कॅनडातील लससक्तीविरोधी आंदोलकांना अमेरिकेत तात्पुरता आश्रय देण्याचे विधेयक येणार, ही आपल्या अंकातील छोटी बातमी वाचली. न्यू मेक्सिकोच्या रिपब्लिकन खासदार इव्हेट हेरेल यांनी गेल्या महिन्यात, फेब्रुवारी 2022 मध्ये, तशी घोषणा केली. मी सध्या लेकीकडे ओटावात आहे. तिचे घर केंट स्ट्रीटपासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे हे आंदोलन आमच्या दारातच झाले. म्हणून हा पत्रप्रपंच.

एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म गेला, त्यामुळे हॉर्नचे मला कौतुकही नाही आणि धास्तीही नाही. पण जानेवारीच्या अखेरीस इथे अठरा चाकी ट्रक रस्ते अडवून उभे राहिले आणि रेल्वेच्या भोंग्यासारखे हॉर्न रात्रंदिवस सुरू झाले, ते प्रकरण वेगळे होते. लेक ऑफिसच्या मीटिंगा न्हाणीघरात बसून उरकत होती, कारण घरात रस्त्यापासून लांबची जागा तेवढीच. 7 फेब्रुवारीला न्यायालयाने हॉर्नला मनाई केली तेव्हा कुठे डोळ्याला डोळा लागला. बाहेर कडाक्याची थंडी, त्यामुळे इंजिने मात्र चालूच. डिझेलचा वास जिन्यापर्यंत. आणि त्याच रस्त्यांवर हवा भरलेल्या किल्ल्यावर आंदोलकांची मुले उड्या मारत होती, तेही खरे. सगळे गुंड होते असे मी म्हणणार नाही. कित्येकांनी हसून नमस्कार केला.

मूळ भांडण असे. 15 जानेवारीपासून कॅनडाने सीमा ओलांडणाऱ्या ट्रकचालकांची लसीतली सवलत काढली. लस न घेतलेल्या कॅनेडियन चालकाला परत आल्यावर 14 दिवस विलगीकरण लागू झाले. म्हणजे खेप गेली आणि पगारही गेला. चालकाच्या बाजूने विचार करता राग समजतो. तरी अशा खेपा करणाऱ्यांपैकी जवळपास 90 टक्के जणांनी लस घेतली आहे. लेकीच्या ओळखीतला ब्रॅम्प्टनचा एक पंजाबी चालक त्यातलाच. विंडसर आणि डेट्रॉइट यांना जोडणारा अँबॅसेडर पूल 7 फेब्रुवारीपासून आठवडाभर अडवला गेला, तेव्हा तो सार्नियाच्या पुलावर वळसा घालून तासन्‌तास रांगेत होता. त्याची बाजू हेरेलबाईंच्या कानावर गेली नसावी.

सरकारचे सगळे बरोबर होते असेही नाही. 14 फेब्रुवारीला पंतप्रधान ट्रूडो यांनी 1988 चा आणीबाणी कायदा पहिल्यांदाच वापरला आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय दोनशेहून अधिक बँक खाती गोठवली. मला ते मुळीच पटले नाही. खाते बंद म्हणजे घरच्यांचा किराणा बंद. पण पुढे काय झाले तेही पाहावे. नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना लगेच न्यायालयात गेली. विरोधी पक्षाने संसदेत सरकारला धारेवर धरले. 23 तारखेला आणीबाणी उठली, आणि उठल्यावर 60 दिवसांत चौकशी नेमायची सक्ती त्याच कायद्यात लिहिलेली आहे. पकडलेल्यांना वकील आहेत आणि जामिनाची दारे उघडी आहेत. आपल्याकडे एसटीचा संप कित्येक महिने चालू आहे, हजारो कर्मचारी निलंबित आहेत. म्हणून बेळगावच्या एखाद्या आमदाराने कोल्हापूरच्या वाहकाला कर्नाटकात आश्रय देऊ केल्याचे ऐकले आहे का? दाद मागायला कोर्ट आपल्याकडेच आहे.

खरी मेख पुढेच आहे. अमेरिकेने मार्च 2020 पासून कोविडचेच कारण देऊन मेक्सिकोच्या सीमेवर आश्रय मागायला येणाऱ्यांना, अर्जही न घेता, परत पाठवायचा सपाटा लावला आहे. ‘टायटल 42’ या नावाने तो हुकूम ओळखला जातो. होन्डुरासमधल्या टोळ्यांच्या खंडणीला कंटाळून लेकरे घेऊन निघालेली बाई असो की आणखी कोणी, ऐकून घेणे नाही. बायडेन यांनीही तो हुकूम चालूच ठेवला. आणि तो उठू नये म्हणून गेल्या वर्षी प्रतिनिधिगृहात विधेयक कोणी मांडले? याच हेरेलबाईंनी. त्यांचा मतदारसंघ मेक्सिकोला लागून आहे. दक्षिणेकडून येणाऱ्याला रोगाच्या भीतीने हाकला, आणि उत्तरेकडून येणारा रोगाचे नियम मानत नाही म्हणून त्याला पायघड्या घाला! दोन्ही विधेयकांखाली सही एकाच हाताची, याला काय म्हणावे?

कॅनडाच्या सीमेवरचीच आणखी एक गोष्ट. ट्रकांचा ताफा निघाला त्याच आठवड्यात, 19 जानेवारीला, मॅनिटोबातल्या इमर्सनजवळ गुजरातमधल्या डिंगुचा गावचे एक कुटुंब बर्फात गोठून मेले. नवरा, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. पायी अमेरिकेत शिरायच्या खटपटीत होते, सीमा काही मीटरवर राहिली होती. ते पोटापाण्यासाठी निघाले होते. कायद्याने त्यांना आश्रय मिळाला असता असा माझा दावा नाही. पण कॅनडातून अमेरिकेत येणाऱ्यांची कणव दाटून आलेल्या लोकप्रतिनिधींना त्या चौघांसाठी विधेयक आणावेसे वाटल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता गंमत पाहा. 22 जानेवारीपासून खुद्द अमेरिकेनेही लस न घेतलेल्या परदेशी चालकाला सीमेवरून आत घ्यायचे बंद केले आहे. ट्रूडो यांनी उद्या आपला नियम मागे घेतला तरी ओटावात हॉर्न वाजवणारा तो चालक माल घेऊन डेट्रॉइटला उतरू शकणार नाही, पलीकडचा अधिकारी त्याला पुलावरूनच परत पाठवील. हेरेलबाईंना त्याची रोजीरोटी सुटावी असे मनापासून वाटत असेल, तर त्यांनी आधी आपल्याच सरकारचा 22 जानेवारीचा नियम मागे घ्यायला लावावा.

– एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, कोल्हापूर
(सध्या मुक्काम ओटावा, मार्च 2022)