कुंडी उचलायला शिकवणाऱ्या काकांना

काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कर्वेनगरच्या फुटपाथवर ताडपत्रीखाली रोपं मांडून बसता, ते तुम्ही. आषाढातल्या त्या रविवारी भर पावसात पीस लिलीची कुंडी कवटाळून आलेली बाई म्हणजे मी.

रोप बाबांचं. ते गेल्यावर माझ्याकडे आलं, मी हौसेनं चकचकीत कुंडीत हलवलं आणि महिन्याभरात त्यानं मान टाकली. कुंडी घेतली त्या दुकानात गेले, तर मोबाइलमधून डोळे वर न करता "पाणी कमी पडतंय, रोज घाला" म्हणाले आणि साडेतीनशेची टॉनिकची बाटली गळ्यात मारली. मी रोज पेलाभर घालत राहिले. पानं आणखी लोळली की आणखी पेलाभर. कुंडीला खाली भोकच नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही, मीही पाहिलं नाही.

तुम्ही रोप उपसलंत आणि वासच आला. मुळं तपकिरी, लिबलिबीत. पाण्यात बुडालेल्या मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. आणि कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून चिखलात उभं झाडही तहानलेलं दिसतं, हे मला पन्नाशीत कळलं. वाटलं, आता हे ऐकवणार. तुम्ही "होतं असं, ताई," एवढंच म्हणालात.

कापणं, माती बदलणं तुम्हीच केलंत. पण डोळ्यांपुढून हलत नाही ते वेगळंच. भोकावर खापरी ठेवून रोप मातीच्या कुंडीत लावलंत आणि पाणी घालण्याआधी कुंडी माझ्या हातात दिलीत. "वजन बघा." मग पाणी घातलंत, निथळू दिलंत, पुन्हा हातात. "आता बघा. परत मघासारखी हलकी लागली की घालायचं. वार बघून नाही." दोन्ही वेळा कुंडीच्या तळाशी तुमचाही हात होता, माझ्या हातून निसटेल म्हणून.

पैसे घेतलेत फक्त मातीच्या कुंडीचे. नवं रोप सहज खपवता आलं असतं. मी तर घेतलंही असतं. हल्ली कुणाला कुणासाठी वेळ नाही, असं मी येता-जाता म्हणत असते. त्या दिवसापासून जरा जपून म्हणते.

या काकांकडून रोपं घेणारं कुणी हे वाचत असेल, तर त्यांना वाचून दाखवा.

काका, एक नवं पान सुरळीतून बाहेर येतंय. आज सकाळी कुंडी उचलून पाहिली. अजून जड आहे. झारी परत ठेवून दिली.