चरबीच्या गाठीला पॉलिपचा न्याय नको

मा. संपादक,

पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचा कोंब, दिसला की काढून टाकावा, असा सल्ला आरोग्यविषयक लेखांतून नेहमी दिला जातो. अडिनोमा जातीच्या पॉलिपबाबत तो योग्यच आहे, कारण त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. पण मोठ्या आतड्यातल्या लायपोमाला, म्हणजे चरबीच्या साध्या गाठीला, हाच नियम लावला तर नसते दुखणे मागे लागते.

लायपोमा बहुतेक वेळा उजव्या बाजूच्या आतड्यात, पन्नाशी-साठीच्या पुढे आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतो. कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत, तो पिवळसर, गुळगुळीत, घुमटासारखा दिसतो. बंद चिमट्याने दाबला की उशीसारखा खळगा पडतो आणि चिमटा काढल्यावर हळूहळू भरून येतो. वरचे अस्तर चिमटीत धरून ओढले, तर ते गाठीपासून सुटे होऊन तंबूसारखे वर येते. या दोन खुणा स्पष्ट असतील तर निदान जवळपास झालेच म्हणायचे.

घोळ होतो तो बायोप्सीपाशी, म्हणजे तपासणीसाठी तुकडा घेताना. गाठ अस्तराच्या खाली आणि चिमटा पोचतो फक्त अस्तरापर्यंत. त्यामुळे अहवाल येतो ‘नॉर्मल म्युकोसा’, म्हणजे निरोगी अस्तर. रुग्णाला वाटते, तुकडा चुकीच्या जागेचा घेतला. मग पुन्हा दुर्बीण, पुन्हा तुकडे. एकाच जागी खोल खोल तुकडे घेत गेल्यास शेवटी पिवळी चरबी बाहेर डोकावते, पण लहान गाठीसाठी एवढा खटाटोप कशाला? शंका असेल तर सीटी स्कॅन करावा. पाण्याची घनता शून्य धरली तर चरबीची साधारण उणे 40 ते उणे 120 हाउन्सफील्ड (सीटीवर घनता मोजण्याचे एकक) भरते. कर्करोगाची गाठ या पट्ट्यात येत नाही. मात्र अगदी लहान गाठीत शेजारचे आतडे आकड्यात मिसळते, म्हणून स्कॅनमध्ये पातळ छेदांच्या प्रतिमा घ्यायला हव्यात. लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते, तिथल्या झडपेच्या ओठांतही चरबी असते. तिला गाठ समजू नये.

2 सेंटिमीटरपेक्षा लहान आणि त्रास न देणारी गाठ तशीच राहू द्यावी. गाठ मोठी असेल आणि पोटात कळा येणे, शौचावाटे रक्त जाणे किंवा हिमोग्लोबिन उतरणे असा त्रास होत असेल, तर उपचार करावे लागतात. इथेही पॉलिप कापायचा नेहमीचा विजेचा फास (तारेचे कडे) जपून वापरावा. चरबीत पाणी कमी असल्याने वीज नीट वाहत नाही; कापायला वेळ लागतो, करंट वाढवावा लागतो आणि ती उष्णता आतड्याच्या भिंतीत उतरते. मोठ्या गाठीच्या देठात कधी स्नायूचा थरही ओढला गेलेला असतो. तो फासात सापडला तर आतड्याला भोक पडते. म्हणून देठ असलेल्या गाठीच्या बुडाशी नायलॉनचा लूप आवळणे बरे. रक्तपुरवठा तुटून गाठ कालांतराने आपोआप गळते. मात्र ती तपासायला हाती लागत नाही, तेव्हा निदान पक्के असेल तरच हा मार्ग घ्यावा.

मोठी गाठ आतड्याला पुढे ओढून आतड्यातच आतडे शिरवते, तेव्हा शस्त्रक्रिया टळत नाही. प्रौढांच्या मोठ्या आतड्यात असे झाले की शल्यचिकित्सकाला आधी कर्करोगाची शंका घ्यावी लागते. गाठीचे टोक सोलवटून व्रण झाला असेल तर ती दिसतेही तशीच. सीटीवर चरबी आधीच स्पष्ट झाली असेल तर तेवढाच भाग काढून भागते. नसेल तर लसिकाग्रंथींसह मोठा भाग काढला जातो.

त्यामुळे सीटीच्या अहवालात गाठीचे माप आणि घनतेचा आकडा मागून घ्यावा आणि तो दुर्बिणीच्या छायाचित्रांसह फाइलमध्ये जपून ठेवावा. पुढच्या कोलोनोस्कोपीला जाताना ही फाइल तपासणी सुरू होण्याआधीच डॉक्टरांच्या हाती द्यावी.

— पोटविकारतज्ज्ञ