"अक्कल नसलेलीच पोरं त्यात पडतात" म्हणालास ना, त्यावर

सोन्या,

परवा तुझ्या वर्गातल्या त्या मुलाचा विषय निघाला, बॅगेत ड्रग्जच्या गोळ्या सापडल्या म्हणून शाळेतून काढलं त्याला, तेव्हा तू पटकन म्हणालास "अगं आई, अक्कल नसलेलीच पोरं त्यात पडतात" आणि कानात इअरफोन घालून निघून गेलास. समोर बसवून काही बोलायला लागले की तू "हो गं, कळलं" म्हणतोस आणि विषय संपतो, म्हणून लिहितेय. लांबलंय जरा, एका दमात नको वाचूस हवं तर, पण वाच.

मला ते वाक्य पटलं नाही. अक्कलेचा त्यात फार संबंध नसतो रे. चांगले मार्क मिळवणारी, ग्राउंडवर चमकणारी, घरी सगळं धड असलेली मुलंसुद्धा जातात, आणि "मी? मी कशाला असल्या भानगडीत पडतोय" अशी ज्यांना पक्की खात्री असते ती जास्त बेसावध असतात असं माझं मत आहे. तू त्यातला आहेस म्हणून सांगतेय. (डोळे फिरवलेस ना आत्ता? माहितीये मला.)

लॉरेन्स स्टाइनबर्ग नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ साली एक प्रयोग छापला. गाडी चालवायचा व्हिडिओ गेम, सिग्नल पिवळा झालाय, थांबायचं की दामटायची एवढंच ठरवायचं. १३ ते १६ वयाची मुलं एकटी खेळली तेव्हा मोठ्या माणसांपेक्षा फार काही वेगळी वागली नाहीत. मग त्यांचेच मित्र बाजूला बसून बघायला लागले आणि त्याच मुलांनी जवळजवळ दुप्पट धोके घेतले. २४ च्या पुढच्यांना मित्र असले काय नसले काय, काही फरक पडला नाही. म्हणजे नियम माहीत होता, धोका कळत होता, पोरगं तेच, सिग्नल तोच, फक्त बघायला कोणीतरी होतं. मेंदूतला मजा शोधणारा भाग तुमच्या वयात जोरात पळत असतो आणि "थांब, विचार कर" म्हणणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत राहतो. तुझ्या अकलेबद्दल मला शंका नाही, पण ग्रुपमध्ये सगळे बघतायत आणि कोणीतरी हात पुढे केलाय तेव्हा ती अक्कल किती वेळात कामाला येते हा प्रश्न आहे, आणि तो तुझ्या वयाच्या सगळ्यांचा आहे.

आता पहिल्यांदा घेऊन बघणं वेगळं आणि परत परत जाणं वेगळं. पहिल्यांदा बऱ्याचदा नुसता कंटाळा असतो, किंवा नाही म्हटलं तर बावळट दिसू ही भीती. पण जो परत जातो ना, त्याला तिथे काहीतरी मिळालेलं असतं. ज्याच्या डोक्यात सतत कालवा चालू आहे, घरातली भांडणं, परीक्षेची धडधड, कोणीतरी गेल्याचं दुःख, स्वतःच्या शरीराची लाज, काहीही असेल, त्याला घेतल्यावर पहिल्यांदाच शांत वाटतं. आणि हे खोटं नाहीये, खरंच वाटतं. ड्रग्ज सुरुवातीला काम करतात, हे आम्ही मोठी माणसं मुलांना सांगतच नाही, आम्ही सांगतो "एकदा घेतलंस की संपलास", मग मुलगा एकदा घेतो, दुसऱ्या दिवशी नीट शाळेत जातो, आणि त्याला वाटतं चला, म्हणजे बाकीचं सगळं पण थापच असणार. तिथून पुढे त्याला कोणाचं ऐकायचं कारणच उरत नाही.

फेलिटी आणि अँडा या दोन डॉक्टरांचा १९९८ चा एक अभ्यास आहे. साडेनऊ हजार मोठ्या माणसांना त्यांनी लहानपणाबद्दल विचारलं, घरात मारहाण होती का, कोणी दारू-ड्रग्जवालं होतं का, कोणी तुरुंगात गेलं होतं का, आईवर हात उचलला जायचा का, असं. ज्यांच्या वाट्याला अशा चार किंवा जास्त गोष्टी आल्या होत्या त्यांच्यात दारूचं व्यसन, ड्रग्ज, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट जास्त निघाला. त्या मुलाच्या घरी काय चालतं मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. मग अक्कल नाही हे तू कशावरून ठरवलंस?

आणि गँगचं तर अजून विचित्र आहे. तुला वाटतं गँगमध्ये जाणारी मुलं आधीपासूनच गुंड असतात, पण जायचं वय साधारण १२ ते १५, म्हणजे तुझंच. आणि सुरुवात कधी "ये आमच्या गँगमध्ये" अशी होत नाही. एक मोठा मुलगा असतो, अठरा-एकोणीसचा, तो तुझ्याशी नीट बोलतो, घरी शाळेत कोणी बोलत नाही तसा बोलतो. टोपणनाव देतो. बाइकवर मागे बसवतो, कधी शूज कधी जुना फोन, "ठेव रे, भाऊ आहेस ना". तुला शाळेत कोणी त्रास देत असेल तर एक दिवस तो त्रास आपोआप बंद होतो. मग एकदा म्हणतो, ही बॅग दोन तास तुझ्याकडे ठेव, उघडू नको. तू ठेवतोस, कारण इतकं केलंय त्याने आणि मागतोय काय तर दोन तास. पुढच्या वेळी बॅग पोचवायची असते, आणि रस्त्यात दोघं येऊन ती हिसकावतात. आता त्या मालाचे पैसे तुझ्यावर. पैसे नाहीत? मग काम करून फेड. ब्रिटनमध्ये मुलांना वापरून एका शहरातून दुसऱ्या गावात ड्रग्ज पाठवतात त्याला काउंटी लाइन्स म्हणतात, तिथे हे बऱ्याचदा उघडकीला आलंय की ती बॅग हिसकावणारे त्यांचेच लोक असतात. मुद्दाम केलेलं असतं, पोरगं अडकावं म्हणून. लहान मुलं का लागतात त्यांना, तर मुलांवर कोणाचा संशय जात नाही, पकडली गेली तर शिक्षा कमी, पैसे कमी द्यावे लागतात, आणि घाबरवायला सोपी. बस. भाऊबिऊ काही नाही.

पैशाचं म्हणशील तर तेही नाही. शिकागोमधल्या ड्रग्ज विकणाऱ्या एका गँगच्या हिशेबाच्या वह्या सुधीर वेंकटेश या समाजशास्त्रज्ञाच्या हाती लागल्या, त्यांनी आणि स्टीव्हन लेविट या अर्थतज्ज्ञाने २००० साली ते आकडे छापले. रस्त्यावर उभं राहून विकणाऱ्या मुलांना तासाला मिळत होते ते तिथल्या किमान वेतनापेक्षाही कमी. आणि वर्षाला शंभरातले सात मरत होते, चार वर्षांत मिळून जवळजवळ चारातला एक. वरचा एक माणूस मजेत, बाकी सगळे आपला नंबर लागेल या आशेवर. "सेफ्टी मिळते" म्हणतात ना, तेही तपासलंय लोकांनी, गँगमध्ये आल्यावर मुलांना भीती कमी वाटायला लागते पण प्रत्यक्षात मार, चाकू, गोळी त्यांच्याच वाट्याला जास्त येते. याच्यापेक्षा मोठी फसवणूक मला तरी माहीत नाही. एक बरी गोष्ट सांगते, बहुतेक मुलं एक-दोन वर्षांत बाहेर पडतात, आयुष्यभर कोणी बांधून ठेवत नाही. पण तेवढ्यात शाळा सुटते, पोलिसात नाव लागतं, कोणाचं तरी काहीतरी कायमचं होऊन बसतं, आणि घरात धाकटं भावंड असेल तर ते सगळं बघत असतं.

शरीराचं तू नेटवर वाचशीलच, दोन-तीन गोष्टी तेवढ्या सांगते. गांजा म्हणजे काही नाही असं तुमच्यात चालतं, पण तुमच्या वयात सुरू करणाऱ्यांपैकी साधारण सहातल्या एकाला सवय लागते, मोठेपणी सुरू करणाऱ्यांपेक्षा जास्त, आणि ज्यांच्यात मानसिक आजाराची शक्यता आधीच असते त्यांना कमी वयात भरपूर ओढल्याने तो आजार उमटायचा धोका वाढतो. व्हाइटनर, थिनर, गॅस हुंगणं स्वस्त आणि सहज मिळतं म्हणून पोरं त्याला ड्रग्ज समजतच नाहीत, पण त्याने पहिल्याच वेळी हृदय बंद पडू शकतं, अगदी धडधाकट मुलाचं. आणि गोळ्या. आता गोळी दिसते एक आणि आत असतं भलतंच. फेंटानिल नावाचं औषध हेरॉइनपेक्षा साधारण पन्नास पट जोरदार आहे, २ मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे दहा-पंधरा दाणे, सवय नसलेल्या माणसाला मारायला पुरे होऊ शकतात. बनावट गोळी बनवणारा काही वजन-काटा घेऊन बसत नाही. त्यामुळे "त्याने घेतली, त्याला काही झालं नाही" याला काही अर्थ नाही, एकाच पाकिटातल्या दोन गोळ्या सारख्या नसतात.

आता तू म्हणशील आई घाबरवतेय. नुसतं घाबरवून काही होत नाही हे मलाही माहितीये. अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून ओरडून घ्यायचे, वाटायचं घाबरून सुधारतील, नंतर नीट तपासलं तर असे कार्यक्रम केलेली मुलं न केलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करत होती. उलट आइसलँडचं बघ. १९९८ मध्ये तिथली १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुलं महिन्याभरात कधीतरी दारू पिऊन टाइट झालेली होती, २०१६ मध्ये ५ टक्के. भाषणं नाही केली त्यांनी. मुलांना खेळ, संगीत, डान्स यासाठी पैसे आणि जागा दिल्या, रात्री उशिरा लहान मुलांनी बाहेर फिरायचं नाही हा नियम खरंच पाळायला लावला, आणि आईबापांना सांगितलं की मुलांबरोबर जास्त वेळ घालवा. हे वाचल्यावर मी तुझ्या ड्रमच्या क्लासबद्दल कटकट बंद केली, तुझ्या लक्षात आलंय का माहीत नाही. वाजव. दार लावून वाजव फक्त.

मग आपल्या घरात काय ते सांगते. कुठल्याही ठिकाणी, कोणाच्याही घरी, तुला अस्वस्थ वाटलं तर मला नुसता एक टिंब पाठव. मी लगेच फोन करून जोरात ओरडेन की ताबडतोब घरी ये, स्पीकरवर ठेवलास तरी चालेल, सगळ्यांसमोर मला शिव्या घाल, "आई म्हणजे ना" कर, आणि नीघ. न्यायला येईन. त्या रात्री प्रश्न विचारणार नाही, दुसऱ्या दिवशी विचारेन, ते टळणार नाही.

कोणी बॅग, पाकीट, फोन "ठेव जरा" म्हणालं तर माझं नाव घे, आई रोज दप्तर तपासते म्हण. आणि आधीच ठेवलेलं असेल, किंवा कोणाचं देणं अंगावर आलं असेल, तर ते एकट्याने फेडायला जाऊ नकोस. कितीही असू दे. ते देणं कधीच फिटू देत नाहीत, फेडलं की नवीन निघतं. मला सांग, मग वकील बघायचा का पोलिसात जायचं ते आपण ठरवू.

आणि तुझ्यासमोर कोणी पडलं, उठत नाहीये, श्वास हळू येतोय, घोरल्यासारखा आवाज येतोय, ओठ निळे दिसतायत, तर झोपू दे उतरेल असं अजिबात करायचं नाही. आधी ॲम्ब्युलन्सला फोन. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळव म्हणजे उलटी घशात अडकणार नाही, श्वासच थांबला असेल तर फोनवरचा माणूस सांगेल तसं कर, आणि काय घेतलंय ते खरं सांग. फेंटानिल, हेरॉइनसारख्यांवर नॅलोक्सोन नावाचं औषध आहे, वेळेत मिळालं तर माणूस परत श्वास घ्यायला लागतो. बाकीचे पळून जातील, "कळलं तर आपण सगळे अडकू" म्हणतील. तू थांब. नंतर काय व्हायचं ते होऊ दे, मी आहे.

बाबाला हे सगळं दाखवलंय. त्याला मान्य आहे, फक्त तो आधी पाच मिनिटं ओरडेल असं तो स्वतःच म्हणाला, तेवढं ऐकून घे, त्यानंतर तो कामाचा आहे.

तुझी आई