‘दोनेत्स्क’ गाळू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर युरोपातल्या फुटबॉल सामन्यांचे निकाल नेमाने येतात, त्याबद्दल आधी आभार. पण शाख्तार दोनेत्स्क या क्लबचा निकाल छापताना बहुतेक वेळा नुसतं ‘शाख्तार’ राहतं आणि शहराचं नाव गळतं. जागेची अडचण असते, हे कळतं. तरी या एका क्लबसाठी तेवढी जागा काढावी, असं मला मनापासून वाटतं.

शाख्तार म्हणजे खाणकामगार. दोनेत्स्क हे पूर्व युक्रेनमधलं कोळशाचं आणि पोलादाचं शहर. १९३६ साली क्लब निघाला तेव्हा त्याचं नाव ‘स्ताखानोवेत्स’ होतं, अलेक्सेई स्ताखानोव या खाणकामगारावरून. ऑगस्ट १९३५ मध्ये त्याने एका पाळीत १०२ टन कोळसा काढला, ठरलेल्या कामाच्या चौदा पट, आणि सोव्हिएत सरकारने त्याचं नाव देशभर गाजवलं. त्या रात्री त्याच्या मागोमाग छताला लाकडी टेकू देत जाणारे आणखी दोघे होते. त्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

माझे वडील बल्लारपूरच्या खदानीत टिंबरमन होते, म्हणून ते दोघे माझ्या मनातून जात नाहीत. बाबा काठीने छत ठोकून बघायचे. आवाज टणक आला तर काम सुरू, पोकळ आला की सगळ्यांना मागे घ्यायचे. पाळीवरून घरी आले की आंघोळ झाल्यावरही पापण्यांच्या कडेला काजळासारखा कोळसा राहायचा. शाख्तारचा रंग काळा आणि नारिंगी आहे. काळा खाणीतला अंधार आणि नारिंगी वर आल्यावर दिसणारा उजेड, असा त्याचा अर्थ सांगतात. बाबांना हा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नसता.

१९६१ साली क्लबने पहिल्यांदा सोव्हिएत चषक जिंकला आणि त्याच वर्षी शहराचं ‘स्टालिनो’ हे नाव जाऊन ‘दोनेत्स्क’ आलं. पुढे १९६२, १९८० आणि १९८३ मध्येही तो चषक आला. युक्रेन स्वतंत्र झाल्यावरचे दिवस मात्र भीषण होते: १९९५ मध्ये क्लबचे अध्यक्ष अखात ब्रागिन स्टेडियममध्येच बॉम्बस्फोटात मारले गेले. त्यांच्यानंतर आलेले रिनात अखमेतोव कोळसा आणि पोलादातले उद्योगपती. त्यांच्या पैशावर ब्राझीलचे खेळाडू आले, मिर्चा लुचेस्कू प्रशिक्षक झाले आणि २० मे २००९ रोजी इस्तंबूलमध्ये वेर्डर ब्रेमेनला जादा वेळेत २-१ असं हरवून शाख्तारने यूएफा चषक घेतला. त्याच ऑगस्टमध्ये पन्नास हजारांवर प्रेक्षक बसतील असं डोनबास अरीना उघडलं.

तिथे जेमतेम पाच वर्षं खेळायला मिळालं. २०१४ मध्ये युद्ध पेटलं आणि क्लबला शहर सोडावं लागलं. गोळीबारात स्टेडियमचंही नुकसान झालं. तेव्हापासून ल्विव, खारकीव, कीव, आणि २०२२ नंतर युरोपातल्या सामन्यांसाठी वॉर्सा, हॅम्बुर्ग असा मुक्काम हलतो आहे. हॅम्बुर्गमध्ये २०२३ साली त्यांनी बार्सिलोनाला १-० असं हरवलं, तोही ‘घरचा’ सामना. २०१४ नंतर दोनेत्स्कमध्ये जन्मलेल्या मुलाने आपला क्लब आपल्या मैदानावर खेळताना पाहिलेलाच नाही.

२०२४-२५ च्या चॅम्पियन्स लीगसाठी त्यांना जागा मिळाली ती जर्मनीतल्या गेल्सेनकिर्शेनमध्ये, शाल्के क्लबच्या स्टेडियमवर. तेही कोळशाचं गाव. शाल्केच्या खेळाडूंना आजही ‘क्नापेन’ म्हणजे खाणकामगार म्हणतात आणि तिथला खेळाडूंचा मैदानावर येण्याचा बोगदा खाणीतल्या बोगद्यासारखा सजवलेला आहे. परक्या देशात, पण खाणीच्या वाटेने शाख्तारचे खेळाडू मैदानावर येत होते, हे वाचलं तेव्हा मी पेपर बाजूला ठेवून बराच वेळ गप्प बसलो होतो.

क्लब दहा वर्षांहून जास्त काळ बाहेर आहे, शहर रशियाच्या ताब्यात आहे, तरी क्लबने नावातलं ‘दोनेत्स्क’ काढलेलं नाही. आपणही पुढच्या निकालापासून ‘शाख्तार दोनेत्स्क’ असं पूर्ण नाव छापावं, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
बल्लारपूर (जि. चंद्रपूर)